रकाना क्रमांक सात

जालन्याहून देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागलं, सळयांचे कारखाने आणि त्यांचा धूर मागं पडला, की डाव्या हाताला एक अडीच इमारतींचं विद्यापीठ लागतं. अडीच अशासाठी, की तिसरी इमारत निम्मीच बांधून झाली होती. तिच्या गच्चीवर उघड्या सळया उभ्या होत्या. पोरं म्हणायची, आपल्या तुरुंगाचे गज तयार आहेत, भिंती तेवढ्या राहिल्यात.

पोरांना असं म्हणायचा हक्कच होता, कारण ती शिकत होती तेच. फौजदारी न्याय आणि सुधारसेवा. आठ मुलगे, सहा मुली, खाकी पँट, पांढरा शर्ट. शिकवायला भुजंग सर, तीस वर्षं तुरुंगाधिकारी राहून निवृत्त झालेले. सर वर्गात आले की आधी डोकी मोजायचे, मग हजेरी घ्यायचे. जाताना पुन्हा मोजायचे. एकदा मधल्या मधे एक पोरगा पाणी प्यायला गेला, तर सरांनी दार लावून सगळ्यांना पाऊण तास उभं केलं होतं.

तृप्ती घनसावंगीची. घरी ऊस, बैठकीत खुर्च्या, भाऊ दोन. शाळेत असताना तिला फळ्याजवळ बोलावलं की तिचे डोळे भरायचे. आणि इथं? इथं आल्यावर तीन महिन्यांत पोरगी अशी बोलायला लागली की सरांनीच एकदा हात जोडले. खाकी पँट घातली, आरशात पाहिलं, आणि तिला वाटलं, अरे, ही कोण? ही तर मस्तच आहे! तेव्हापासून ती तीच होती. पहिली बसायची, पहिली बोलायची, आणि पहिली यायची.

फक्त एकदा दुसरी आली.

परीक्षेत प्रश्न होता, कैद्याची नातेवाइकांशी भेट कशी होते. तृप्तीनं पुस्तकातलं दीड पान जसंच्या तसं उतरवलं. ज्योत्स्नानं पाऊण पान लिहिलं, आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. काचेच्या अलीकडं फोन धरून बोलावं लागतं, पण शेजारचे सगळे एकदम ओरडत असल्यानं स्वतःचं माणूस काय म्हणतंय ते ओठांवरून समजून घ्यावं लागतं. साबणाची वडी न्यायची तर ती दारावरच कापतात, आत काही लपवलंय का बघायला. म्हणून माणसं घरूनच साबण कापून नेतात, म्हणजे शिपायाच्या घाणेरड्या सुरीनं कापायला नको.

"हे कुठल्या पुस्तकात आहे गं?" सरांनी विचारलं.

"असंच, सर. ऐकलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली आणि खाली बसली.

ज्योत्स्ना जाफराबादकडची, बारीक आवाजाची. तिचे वडील सुरतला ट्रक चालवतात, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. तृप्तीनं तिच्याकडं पाहिलं. साबण घरूनच कापून नेतात म्हणे. असं ऐकून कुणाला कळत नाही. असं कापूनच कळतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी सगळ्यांना सराव दिला. कैद्याला काही वर्षांनी थोडे दिवस घरी सोडतात, त्याला संचित रजा म्हणतात. सोडण्याआधी त्याच्या घरी, गावात चौकशी होते, आणि गावात शांतता राहणार नाही असं वाटलं तर रजा मिळत नाही. त्या चौकशीच्या अहवालात आठ रकाने असतात. सर म्हणाले, "कुठलंही घर घ्या. मनानं एक कैदी कल्पा. दारात गेल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय?"

"हा सराव आहे, सर!" तृप्तीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली.

"बराबर. आणि अहवालात नावं बदला. कुणाला त्रास नको."

तृप्तीनं हजेरीच्या वहीतून ज्योत्स्नाचा पत्ता उतरवून घेतला. सकाळची एसटी धरून जाफराबाद, तिथून काळीपिवळी जीप, आणि साडेअकराला ती खापरवाडीच्या शेवटच्या गल्लीत उभी होती. गळ्यात लाल फितीचं ओळखपत्र. त्यावर विभागाचं नाव हे एवढं ठळक, आणि 'विद्यार्थी' हा शब्द मुंगीएवढा.

घराला ताजा निळा रंग दिलेला होता. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. ही ज्योत्स्नाची आजी, तुळजाबाई.

"जय भीम. कोण हाय, बाई?"

तृप्ती जराशी थांबली. "नमस्कार. चौकशीला आले."

पहिलं वाक्य ते झालं. आणि एकदा ते झाल्यावर दुसरं म्हणावंसं तिला वाटलं नाही, कारण म्हातारी ताडकन उठली होती, पदर डोक्यावर घेतला होता, आणि ऐंशीच्या घरातली ती बाई एकोणीस वर्षांच्या पोरीपुढं वाकली होती. तृप्तीला ते गोड लागलं. खरं सांगायचं तर बैठकीत वडिलांपुढं माणसं वाकतात तेव्हा त्यांना काय वाटत असेल, ते तिला त्या दिवशी कळलं.

म्हातारीनं ओळखपत्र हातात घेतलं, त्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून अंगठा फिरवला, आणि पाठ दाराकडं करून ते उजेडात धरलं. "मोतीबिंदू हाय. उजेड माझ्या पाठीमागं असला तर जरा दिसतंय. समोरून आला की माणूस नुसतं काळं दिसतंय, डोळं न्हाई की नाक न्हाई. पर मागल्या म्हैन्यात जमादार येऊन गेल्ते की. परत चौकशी?"

"ती पोलिसांची. ही सुधारसेवेची."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. तृप्तीला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग सगळं आपोआप बाहेर आलं. ज्योत्स्नाचा बाप वसंता सुरतला नव्हता, जन्मठेपेत होता. सात वर्षांपूर्वी टँकरच्या पाण्यावरून भांडण झालं, त्यानं फावडं उचललं, आणि गावातल्या सर्जेरावांचा मेहुणा तिथंच गेला. आता पहिल्यांदाच रजा मिळणार होती. एकवीस दिवस. म्हातारीनं आत नेऊन दाखवलं. प्लास्टिकमधून न काढलेली गादी, टॉवेल, झाकणाची नवी बादली.

"सात वर्सं दुसऱ्याच्या बादलीनं आंघोळ केली त्यानं," तुळजाबाई म्हणाली. "म्हणलं, घरी आल्यावर स्वतःची असू द्यावी."

तृप्तीनं पेन काढलं. "रकाना तीन. कैदी दारू पितो का?"

"पीत व्हता. आता कोण देतंय तिथं?"

"रकाना पाच. घरातल्यांना त्याची भीती वाटते का?"

"मी जन्म दिला त्याला, बाई. भ्या वाटायचं आसतं तर तव्हाच वाटलं आसतं." म्हातारी हसली, आणि चहाचा कप पुढं सरकवला. "माझी नात बी ह्येच शिकून राह्यली. जालन्याला. ज्योत्स्ना. तुमच्यासारखीच व्हणार बघा. वळखता का?"

"न्हाई," तृप्ती म्हणाली आणि चहा प्यायली. चहा छान होता.

उठताना म्हातारीनं तिचा हात धरला. "येक सांगते, लेकी. सर्जेराव आण्णांनी हरकत न्हाई म्हणून सही दिली. लई मोठं मन केलं त्यांनी. पर त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंला ठाऊक न्हाई. त्यांचाच भाऊ गेला ना. त्येवढं तिकडं बोलू नका. तुमच्या पाया पडते."

तृप्तीनं कागदाकडं पाहिलं. रकाना क्रमांक सात, बाधित कुटुंबाचे म्हणणे. चार रिकाम्या ओळी. रिकाम्या ठेवल्या तर तीन मार्क जाणार. ज्योत्स्नाला तर घरबसल्या सगळं माहीत, ती हा रकाना नुसत्या अंदाजानंही भरेल, आणि तृप्ती पुन्हा दुसरी. मनात तिनं हे मार्कांचं सांगितलं खरं, पण पाय कधीच सर्जेरावांच्या वाड्याकडं चालू लागले होते, आणि चालताना तिला घाईही झाली होती.

अंगणात सोयाबीन वाळत पडलं होतं. कौसल्याबाई पायांनी ते पसरवत होत्या. सर्जेराव बाजेवर बसून मोबाईल बघत होते. तृप्तीनं ओळखपत्र पुढं केलं आणि ठणठणीत आवाजात सुरुवात केली.

"कैदी वसंता याच्या संचित रजेबाबत. तुम्ही हरकत नसल्याची सही दिली, ती राजीखुशीनं दिली का?"

सर्जेराव उभे राहिले. बायकोच्या पाठीमागून त्यांनी हातानं खूण केली, नको, नको. तृप्तीला ती खूण स्वच्छ दिसली.

"कुणावर दबाव होता का?" तिनं पुढचा प्रश्न विचारला.

कौसल्याबाईंचे पाय सोयाबीनमध्ये थांबले. "कोणती सही?"

"मॅडम, तुम्ही जावा," सर्जेराव म्हणाले.

"थांबा मॅडम. कव्हा केली सही?"

"म्हैना झाला," सर्जेराव हळू म्हणाले. "म्हातारी डोळ्यानं चालली, कौसल्या. सात वर्सं झाली."

"माझ्या भावाला बी सात वर्सं झाली. म्हैनाभर माझ्या हातचं खाऊन राह्यलात की हो तुम्ही." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तृप्तीकडं वळल्या. "हरकत कुठं लिवायची आसती?"

आता इथं तृप्ती म्हणू शकली असती, मावशी, हा सराव आहे. शब्द चारच. पण एक बाई तिला विचारत होती, आणि तिला उत्तर येत होतं! तिनं वहीचं कोरं पान फाडून दिलं. अर्ज कुणाच्या नावे करायचा, खाली ग्रामपंचायतीचा ठराव कसा जोडायचा, 'गावातील शांततेस बाधा' हे शब्द कुठं घालायचे, सगळं सांगितलं. कौसल्याबाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. जीपमध्ये बसल्यावर तृप्तीनं सातवा रकाना भरला. चार ओळी पुरल्या नाहीत. तिनं मागच्या बाजूला लिहिलं.

सुट्टी संपल्यावर सरांनी तो अहवाल वर्गात वाचला. नावं बदलली होती. कैदी 'क्ष', कैद्याची आई 'य'. "याला म्हणतात निरीक्षण," सर म्हणाले, आणि म्हातारीचं बोलणं तिच्याच सुरात वाचू लागले. 'दुसऱ्याच्या बादलीनं आंघोळ केली त्यानं' इथं पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, सर, तुरुंगात शॉवर बसवा! सरही हसले. वीसपैकी एकोणीस. शिवाय जिल्ह्याच्या परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन कार्यालयात प्रशिक्षणाला एकच जण घेणार होते, तिथं तृप्तीचं नाव.

ज्योत्स्ना हसली नव्हती. ती बाकावर दोन्ही हात उपडे ठेवून बसली होती.

नळावर तिनं तृप्तीला गाठलं. "बादली कोणत्या रंगाची होती?"

"निळी," तृप्तीच्या तोंडून गेलं.

"मला इचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं तुला. सातही रकाने. आठवा पण."

"मंग त्यात काय मजा?" तृप्ती म्हणाली आणि बाटली भरून घेतली. "आणि मी कुणाला सांगितलं का तुझे पप्पा कुठंयत ते? सुरतलाच राहू दे त्यांना."

दहा दिवसांनी रजा नामंजूर झाली. गावाची हरकत, शांततेस बाधा. ज्योत्स्ना पुन्हा आली, या वेळी वसतिगृहाच्या खोलीत. आल्या आल्या तिनं दार लोटलं आणि खाली बसली, तृप्तीच्या पलंगाजवळ.

"सर्जेराव आण्णांचा फोन आल्ता. कौसल्याबाई म्हणून राह्यल्या, सरकारच दारात येऊन हरकत मागून गेलं, म्हणून मी दिली. तो सराव होता हे त्यांना लेखी दाखवलं तर त्या अर्ज माघारी घेतील असं आण्णांना वाटतंय. एक कागद दे, तृप्ती. दोन ओळी. सरावाला गेल्ते म्हण, बस. मी तुला काहीच म्हणणार न्हाई. पुन्हा कधी तुझ्यापुढं नंबर पण आणणार न्हाई."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. तृप्तीला त्याचाच राग आला. म्हणजे आणायचा तर आणू शकते, असं का? आणि कागद दिला तर पुढचं तिला पाठ होतं, मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं. सरकारी अधिकारी असल्याचं भासवणं हा गुन्हा. प्रशिक्षण जाणार, नाव जाणार, खाकी पँट उतरवून घनसावंगीला परत, बैठकीमागच्या खोलीत.

"मी ऑफिसर आहे असं म्हणलेच न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं मानलं. तिला दिसत न्हाई त्याला मी काय करू?"

ज्योत्स्ना उठली. "मंग आजीलाच घेऊन येते," ती म्हणाली.

आणि तिनं ते खरं केलं. शनिवारी सकाळी जमादार राधेश्याम वर्गाच्या दारात उभे, आणि त्यांच्या मागं, भिंतीला हात लावत, नऊवारी सावरत तुळजाबाई. तक्रार लेखी होती. जमादारांच्या तोंडावर लिहिलं होतं की त्यांना जेवायच्या आत परत जायचंय.

"तृप्ती कोण? तू गेल्ती का खापरवाडीला?"

"न्हाई, साहेब. माझा अहवाल काल्पनिक आहे."

जमादारांनी सरांकडं पाहिलं. सरांनी तृप्तीकडं पाहिलं, मग छताकडं. विद्यापीठाला पुढच्या महिन्यात मान्यतेची समिती येणार होती. "नावं बदललेली असतात," सर म्हणाले. "कुठल्या गावचा ते मला कसं कळणार? काल्पनिकच म्हणायचं."

"सर, ती माझी आजी आहे," ज्योत्स्ना उभी राहून म्हणाली. तिचा बारीक आवाज चिरकला. "माझे पप्पा जेलमध्ये आहेत. ही आमच्या घरी जाऊन आली. आमच्या घरचा चहा प्याली."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, सुरत!"

मग भुजंग सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंखुरं, आनंदाचं. "जमादारसाहेब, पोरांना ओळख परेड शिकवायची राहिलीच आहे. खरी तर दंडाधिकाऱ्यापुढं होते. पण आयती संधी आलीय. सहा पोरी आहेत, सहा उभ्या करू. बाईंनी ओळखली तर तुमचं काम झालं. नाही ओळखली तरी झालं."

"सर, मला नका उभं करू. मी तिची नात आहे."

"मंग तर ती तुला वगळंल. सोपंच झालं तिचं. उभी राहा. आणि कुणी तोंड उघडायचं नाही, आवाजावरून ओळखलेलं धरत नाहीत. बाई, त्या दिवशी घरी आली होती तिच्या खांद्यावर हात ठेवा. चला, फळ्याजवळ रांग करा."

तेव्हा तृप्ती पुढं झाली. वर्गाची पूर्वेकडची खिडकी सताड उघडी होती आणि सकाळचं ऊन आत ओतत होतं. "सर, फळ्याजवळ टेबल आहे, दाटी होईल," ती म्हणाली. "खिडकीपाशी उभं राहतो. तिथं उजेड पण चांगला आहे."

"शाब्बास. खिडकीपाशी."

ज्योत्स्नानं झटक्यात मान वर केली. तिला कळलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि सरांनी पट्टी टेबलावर आपटली.

सहा मुली खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या. सहा खाकी पँटी, सहा पांढरे शर्ट, पाठीमागं सगळा सूर्य. तुळजाबाई समोर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. "उजेडानं दिसंना," ती म्हणाली. "जरा बाजूला होता का, लेकींनो?"

"साक्षीदारानं सूचना करायच्या नाहीत," सर म्हणाले. पोरं खुदखुदली.

म्हातारी रांगेच्या टोकापासून चालू लागली. प्रत्येकीपुढं थांबून तोंड जवळ नेत होती. तृप्ती तिसरी होती. म्हातारीचा श्वास तिच्या हनुवटीला लागला. तृप्तीनं पापणीसुद्धा हलवली नाही. म्हातारी पुढं सरकली. चौथी. पाचवीपुढं ती थांबली. बराच वेळ थांबली. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हळूहळू सैल झाल्या, जणू इतक्या अनोळखी काळ्या आकृत्यांत अखेर एक तरी पाहिलेली सापडली. तिनं हात उचलला आणि पाचवीच्या खांद्यावर ठेवला.

"हीच," तुळजाबाई म्हणाली. "हीच आल्ती घरी. हिला मी बघितलंय."

"आजे," ज्योत्स्ना म्हणाली, "मी हाय."

हसणं आधी मागच्या बाकावरून आलं, मग सगळीकडून. एक जण बाकावर डोकं आपटून हसत होता. तुळजाबाईचा हात तिथंच खांद्यावर राहिला होता. काय झालं ते कळायला तिला वेळ लागला, आणि कळल्यावर ती तो हात मागं घ्यायचंच विसरली.

जमादारांनी तिथंच बसून दोन ओळी लिहिल्या. कैद्याच्या आईने खोटी तक्रार केली, स्वतःच्या नातीस ओळखले. तो कागद आता वसंताच्या फायलीत जाणार होता, आणि पुढच्या वेळी रजेचा अर्ज आला की सगळ्यांत वर तोच दिसणार होता. म्हातारीला त्यांनी अंगठा मागितला. तिनं दिला.

"आता मला वसंताची रजा भेटंल का?" तिनं विचारलं.

जमादारांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ज्योत्स्ना तिला धरून बाहेर घेऊन गेली. जाताना तिनं दप्तर घेतलं नाही, आणि सोमवारी, मंगळवारी, त्यानंतरही कधी ती ते न्यायला आली नाही.

त्या दोघी दाराबाहेर गेल्यावर भुजंग सरांनी डोकी मोजली. तेरा. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, साक्षीदाराची विश्वासार्हता.

"महत्त्वाचं आहे," सर म्हणाले. "परीक्षेला येणार."

तृप्तीनं वही उघडली, तारीख घातली, आणि शीर्षकाखाली पट्टीनं दोन सरळ रेघा मारल्या.